बोटांनीं वाचावयाचीं अक्षरें

घरीं पत्र येतें. तें ज्याच्या नांवाचें असेल त्यानें घ्यावें, एका बाजूस जाऊन वाचावें, आणि मग त्यांतील जेवढें सांगावयाचें तेवढें इतरांस सांगावें, अशी रीत आहे. परंतु ज्याच्या नांवाचें पत्र तो अंध असला म्हणजे ही रीत उलटी होते. पत्र आधीं दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जातें. त्यांतील सुखदुःख आधीं दुसऱ्याच्या आवाजांत उमटतें. वाचणाऱ्याच्या मनांत आलें तर एखादें वाक्य गळतेंहि. वाचणारा भाऊ असो, भावजय असो, कीं शेजारचा शाळकरी मुलगा असो, त्याच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण उत्तर धाडावयाचें तेंहि त्याच्याच हातून. ज्या भावजयीविषयीं बहिणीस चार शब्द कळवावयाचे, त्या भावजयीलाच पत्र लिहावयास बसवावें लागतें! अंधत्वाची ही बाजू डोळस माणसांच्या ध्यानीं सहसा येत नाहीं. रस्ता दिसत नाहीं, रंग दिसत नाहीं, याची कींव सर्वांस येते; पण आपलें गुपित आपल्यापाशीं ठेवण्याची सोय राहत नाहीं, हें दुःख त्याहून लहान नव्हे.

ही सोय सहा ठिपक्यांनीं करून दिली. ते ठिपके कोणीं योजले, त्यांची मांडणी कशी आहे, आणि आपल्या मराठी अक्षरांस ते कसे लागू पडतात, हें समजून घेण्यासारखें आहे.

फ्रान्स देशांत पॅरिसच्या पूर्वेस सुमारें ४० किलोमीटरांवर कूव्रे नांवाचें खेडें आहे. तेथें सिमोन-रने ब्रेल हा खोगीर व घोड्यांचा साज करणारा कारागीर राहत असे. ४ जानेवारी १८०९ रोजीं त्याला चौथें अपत्य झालें, तोच लुई. मुलगा तीन वर्षांचा असतां बापाच्या कामाच्या जागेंत खेळत होता. चामडें कापण्या-टोचण्याचें एक टोकदार हत्यार त्यानें उचललें आणि तें निसटून डोळ्यांत गेलें. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यासहि विकार जडला, आणि पांचव्या वर्षापर्यंत मुलगा पूर्ण अंध झाला.

त्या काळीं गरिबाघरच्या अंध मुलास दोनच जागा ठाऊक होत्या. एक चुलीजवळचा कोपरा आणि दुसरी देवळाची पायरी. कूव्रेच्या या कुटुंबानें दोन्ही नाकारल्या. बापानें मुलाच्या उंचीच्या काठ्या तयार करून दिल्या. त्या पुढें टेकीत टेकीत मुलगा गांवच्या वाटा शिकला. लांकडाच्या फळीवर गोल डोक्याचे खिळे ठोकून बापानें त्याला अक्षरांचे आकार बोटांनीं ओळखावयास लाविले, असें त्याच्या चरित्रांतून सांगितलें जातें. पालुई नांवाच्या गांवच्या धर्मगुरूनें त्यास पाठ दिले, आणि गांवच्या शाळेच्या मास्तरांनीं त्यास इतर मुलांच्या बरोबरीनें बांकावर बसूं दिलें. या बापाच्या करणींत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. अपघात त्याच्याच हत्यारानें, त्याच्याच छपराखालीं झालेला. तेव्हां मुलाला जन्मभर मांडीवर घेऊन बसावें असें कोणाहि बापास वाटलें असतें. त्यानें मुलाच्या हातीं काठी दिली. कारागिराचें प्रेम तें. त्याला साधन करून देण्यावांचून दुसरी भाषा येत नसावी.

शाळेंत लुई ऐकून सारें पाठ करी. पण पुस्तक उघडलें कीं त्याचें शिक्षण संपे. १८१९ त, वयाच्या दहाव्या वर्षीं, त्याला पॅरिसच्या अंधशाळेंत प्रवेश मिळाला. वालांतँ आयुई या गृहस्थानें १७८५ च्या सुमारास काढलेली ही शाळा अंधांच्या शिक्षणासाठीं निघालेली जगांतील पहिली. आयुईनें अंधांसाठीं पुस्तकें केलीं होतीं, तीं अशीं: जाड ओलसर कागद मोठ्या खिळ्यांवर, म्हणजे छापखान्याच्या ठशांवर, दाबावयाचा, कीं नेहमींचींच रोमन अक्षरें कागदावर उठून येत. कल्पना दयाळूपणाची होती, आणि तिच्यामुळेंच अंध मनुष्य वाचूं शकतो हें जगास प्रथम दिसलें. परंतु तींतच एक चूक दडलेली होती. तीं अक्षरें डोळ्यांसाठीं जन्मलेलीं. डोळा वळण एका क्षणांत टिपतो. बोटाला मात्र प्रत्येक अक्षराचा कांठ चांचपीत सारा प्रदक्षिणामार्ग चालावा लागतो. शब्दाच्या शेवटास पोंचेपर्यंत आरंभ विसरे. पुस्तकें अवजड, महाग आणि मोजकींच. आणि मुख्य उणीव ही कीं, त्या पद्धतीनें अंधास लिहितां येत नसे. ज्याला वाचतां येतें पण लिहितां येत नाहीं, त्यानें सदैव दुसऱ्याचें ऐकावें. त्याचें कोणीं ऐकूं नये!

१८२१ त शार्ल बार्बिए नांवाच्या, पूर्वीं तोफखान्यांत असलेल्या गृहस्थानें आपली एक नवी पद्धत शाळेपुढें मांडली. तींत उठावदार रेषांऐवजीं उठावदार ठिपके होते. बोटाला रेषेपेक्षां ठिपका लवकर कळतो, ही त्याची सूझ मोठी खरी. पण एका चिन्हांत दोन उभ्या ओळी करून बारापर्यंत ठिपके येत. ते एका बोटाखालीं मावत नसत. शिवाय तीं चिन्हें उच्चारांचीं होतीं, अक्षरांचीं नव्हतीं. शुद्धलेखन, विरामचिन्हें, आंकडे यांस तींत जागा नव्हती. म्हणजे अंधांनीं कामचलाऊ निरोप लिहावेत, विद्या शिकूं नये, असाच त्याचा अर्थ होई.

शाळेंतील बारा वर्षांच्या ब्रेलनें ती पद्धत हातीं घेतली, आणि १८२४ त, पंधराव्या वर्षीं, तिचें सारें रूप पालटलें. बाराचे सहा ठिपके केले. तीन तीनच्या दोन उभ्या ओळी; डावीकडे वरून खालीं १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. एवढें चिन्ह बोटाच्या एका पेराखालीं पुरें मावतें. बोट वरखालीं हलवावें लागत नाहीं, नुसतें पुढें सरकत राहतें. सहांपैकीं कोणते उठवावयाचे आणि कोणते सपाट ठेवावयाचे याच्या निवडी केल्या तर ६३ निरनिराळीं चिन्हें होतात; गणित येणाऱ्यानें पडताळून पाहावें. त्यांत अक्षरें, विरामचिन्हें, आंकडे आणि पुढें संगीताचे स्वरहि बसविले गेले. आरंभ साधा आहे. पहिलीं दहा अक्षरें वरच्या चार ठिपक्यांतच बसतात. पुढच्या दहांस त्यांच्याखालीं ३ हा ठिपका जोडावयाचा. त्यापुढच्यांस ३ आणि ६ दोन्ही. ज्याला पहिलीं दहा आलीं त्याला पुढचीं निम्मीं आलींच. १८२९ त त्यानें ही पद्धत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली, आणि १८३७ त सुधारून पुन्हां छापली.

लिहिण्याचें साधनहि तितकेंच साधें. एक पाटी, तींत जाड कागद अडकवावयाचा. वर चौकटींच्या रांगा असलेली धातूची पट्टी. आणि हातांत एक मूठदार टोचणी. कागदास पाठीमागून टोंचलें कीं पुढच्या बाजूस ठिपका उठतो. म्हणून लिहितांना उजवीकडून डावीकडे जावें लागतें व प्रत्येक अक्षर आरशांतल्याप्रमाणें उलटें टोंचावें लागतें. कागद उलटला म्हणजे डावीकडून उजवीकडे सरळ वाचतां येतें. नव्या माणसास हें अवघड वाटतें. लहान मुलें कांहीं आठवड्यांत त्यास सरावतात. ज्या जातीच्या हत्यारानें लुईचे डोळे गेले, त्याच जातीचें हत्यार त्यानें अंधांच्या हातीं लेखणी म्हणून दिलें.

शाळेंतल्या मुलांनीं ही लिपी तत्काळ उचलली. तीं टिपणें घेऊं लागलीं, एकमेकांस चिठ्ठ्या लिहूं लागलीं, गाण्यांचे स्वर उतरवूं लागलीं. ब्रेल स्वतः १८३३ त त्याच शाळेंत पूर्ण शिक्षक झाला, आणि पॅरिसच्या एका मोठ्या देवळांत ऑर्गन वाजविण्याच्या जागेवर त्याची नेमणूक झाली. स्वतःच्या श्रमाचे पैसे मिळविणारा गृहस्थ तो झाला. आणि तरीहि १८४० नंतर शाळेचा कारभार पाहणाऱ्या नव्या प्रमुखानें या ठिपक्यांस मनाई केली.

ही मनाई दुष्टपणाची होती असें म्हणून पुढें जाणें सोपें आहे. पण विरोधकांचें म्हणणें ऐकून घ्यावयास हवें, कारण तें आजहि वेगवेगळ्या रूपांनीं कानीं येतें. ते म्हणत, अंधांस आपण समाजांत आणावयाचें, कीं त्यांची निराळी जात करावयाची? डोळसांस न कळणारी लिपी त्यांनीं वापरली, तर ते आपल्यांतून तुटतील. त्यांनीं आपलींच अक्षरें शिकावीं. या बोलण्यांत समतेचा आव आहे. पण ज्या पंगतींत एखाद्याच्या पानावर त्याला खातांच येणार नाहीं असें अन्न वाढलें आहे, त्या पंगतीस समान म्हणतां येत नाहीं. दिसावयास सारखें तें डोळसांच्या समाधानाचें. वापरतां येईल तें अंधांच्या उपयोगाचें. या दोहोंत निवड करण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच वादाचा मुद्दा होता, आणि मुलांनीं तो आपल्यापुरता सोडविला. मनाई असतांनाहि ठिपके चोरून चालूच राहिले. अखेर शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगीं, २२ फेब्रुवारी १८४४ रोजीं, उपप्रमुख ग्वादे यानें ही लिपी लोकांसमोर मांडली. एका मुलास मजकूर सांगून लिहविला. त्या वेळीं तेथें नसलेल्या दुसऱ्या मुलास आणून तो कागद हातीं दिला. त्यानें तो घडघडां वाचला. असल्या परीक्षेपुढें तर्क चालत नाहींत.

आणि तुटण्याविषयीं म्हणावें, तर आपल्या लोकांपासून तुटण्याची भीति खुद्द ब्रेललाच अधिक होती. डोळसांस वाचतां येईल असें पत्र अंधास स्वतः लिहितां यावें म्हणून १८३९ त त्यानें आणखी एक युक्ति प्रसिद्ध केली. तींत नेहमींचीं रोमन अक्षरेंच ठराविक जागीं ठिपके टोंचून काढावयाचीं. फूको नांवाच्या त्याच्या अंध मित्रानें पुढें तिच्यासाठीं यंत्रहि केलें. ही लिपी बोटांच्या वाचनासाठीं नव्हती. घरच्या माणसांच्या डोळ्यांसाठीं होती. दोहींकडून पूल बांधावयाचा, तर अंधानें आपला अर्धा आधींच बांधून ठेवलेला होता.

६ जानेवारी १८५२ रोजीं क्षयानें ब्रेलचें देहावसान झालें. शाळेनें त्याची लिपी अधिकृतपणें स्वीकारली ती त्यानंतर दोन वर्षांनीं, १८५४ त.

आपल्या देशांत अंधांची पहिली शाळा १८८७ त अमृतसर येथें निघाली. मुंबईस अमेरिकन मिशननें १९०० त एक शाळा काढली, आणि १९०२ त व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली. शाळा आल्या, ठिपके आले, पण एक घोटाळाहि आला. प्रत्येक प्रांतांत, कधीं कधीं प्रत्येक शाळेंत, ठिपक्यांची निराळी वांटणी. एका शाळेंत शिकलेल्यास दुसरीकडचें पुस्तक वाचतां येईना. हा घोटाळा १९५१ त भारती ब्रेल ठरली तेव्हां मिटला. तिचें तत्त्व ध्यानांत घेण्यासारखें आहे: भारतांतील भाषांच्या लिप्या डोळ्यांस कितीहि निराळ्या दिसल्या, तरी क, ख, ग यांचे उच्चार बहुतेक सारखेच, म्हणून एका उच्चारास सर्वत्र एकच चिन्ह, आणि जमेल तेथें इंग्रजीशींहि मिळतें. १, ३, ४ हे ठिपके उठले कीं मराठींत म, बंगालींत म, तमिळांतहि म, आणि इंग्रजींत एम्. मराठी मुलाला बंगाली अक्षरें डोळ्यांनीं वाचतां येत नाहींत; अंध मुलगा मात्र अर्थ कळला नाहीं तरी तीं बोटांनीं उच्चारून दाखवूं शकतो.

‘मराठी’ हाच शब्द घेऊं. म नंतर र, म्हणजे १, २, ३, ५. मग आ, म्हणजे ३, ४, ५. मग ठ, म्हणजे २, ४, ५, ६. शेवटीं ई, म्हणजे ३, ५. येथें काना आणि ‘आ’ यांस चिन्ह एकच, वेलांटी आणि ‘ई’ यांसहि एकच. अक्षरांच्या डोक्यावर, पायांशीं, मागें-पुढें चढणाऱ्या मात्रा ब्रेलमध्यें नाहींत. जो स्वर ज्या क्रमानें तोंडांतून निघतो त्याच क्रमानें तो ओळींत येतो. डोळसांच्या लिपींत ‘कि’ लिहितांना पहिली वेलांटी क च्या आधीं काढावी लागते आणि बालवर्गांतील मुलें तेथें हटकून अडखळतात. अंध मुलाला ही अडचणच नाहीं. जोडाक्षर आलें तर ज्या अक्षराचा पाय मोडावयाचा त्याच्या आधीं ४ हा एकटा ठिपका येतो. ‘पत्र’ लिहावयाचें तर प, मग ४, मग त, मग र. क्ष आणि ज्ञ यांस स्वतंत्र चिन्हें दिलेलीं आहेत.

आतां कोणी विचारील, आज बोलणारीं यंत्रें आहेत, हातांतील फोन पडद्यावरचें मराठी वाचून दाखवितो, मग हे ठिपके कशाला? यंत्रांचा उपकार मोठा आहे यांत शंका नाहीं. ज्याचे डोळे उतारवयांत गेले, किंवा ज्याच्या बोटांचीं टोकें कष्टांनीं राठ झालीं, त्यास ब्रेल शिकणें जड जातें. त्याला ऐकणें हाच मार्ग. मधुमेहानें ज्यांची दृष्टि जाते त्यांच्यांतील कित्येकांच्या बोटांची संवेदनाहि मंद होते, हेंहि विसरतां येत नाहीं. पण लहान मुलाची गोष्ट निराळी. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन शब्द यंत्रानें वाचले तर कानास बहुधा एकच ऐकूं येतात. बोटाला मात्र एकांत २, ४ लागतात आणि दुसऱ्यांत ३, ५. जो मुलगा केवळ ऐकून शिकतो त्याला शब्द कोठें तुटतो, कोठें ऱ्हस्व, कोठें दीर्घ, स्वल्पविराम कोठें पडला, हें कोणीं सांगावें? (डोळस मुलांचें शुद्धलेखन हल्लीं फार बरें आहे असें नव्हे; पण त्यांच्यापुढें अक्षर असतें, हा भेद आहेच.) ऐकलेलें ज्ञान मिळतें, तथापि अक्षरओळख होत नाहीं. आतां अशींहि यंत्रें आहेत, कीं ज्यांत पडद्यावरील मजकुराप्रमाणें बारीक टांचण्या खालून वर उठतात आणि ओळ बोटाखालीं येते; म्हणजे नव्या यंत्रासहि अखेर त्या सहा ठिपक्यांकडेच यावें लागलें.

पुस्तकांचा तुटवडा हें जुनें दुखणें. ब्रेलचा कागद जाड, अक्षर मोठें. डोळसांच्या एका पुस्तकाचे अनेक खंड होतात. आणि छापावयास लेखक-प्रकाशकांची परवानगी हवी. २०१२ त भारताच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन अंधांच्या उपयोगासाठीं अशा प्रती करण्यास मोकळीक मिळाली, आणि २०१३ त मराकेश येथें झालेला याच विषयावरील जागतिक करार मान्य करणारा पहिला देश भारत ठरला, २०१४ त. मराठी पुस्तकांना त्याचा जितका लाभ व्हावयास हवा तितका व्हावयास मात्र टोंचणारे हात हवेत.

पण लिपी, कायदा, यंत्र हीं सारीं घराच्या उंबऱ्याबाहेरचीं. उंबऱ्याच्या आंत काय होतें? मुलगी अंध आहे असें कळलें कीं पहिलीं कांहीं वर्षें घर रडतें, आणि मग तिच्यावर माया करूं लागतें. ती माया अशी, कीं तिला पाण्याचा तांब्यासुद्धां उचलूं देत नाहींत. “तूं बस, मी देतें.” दिवसांतून पन्नास वेळां हें वाक्य ऐकलेलें मूल विसाव्या वर्षीं बसूनच राहतें, आणि मग तेच लोक म्हणतात, हिला कांहीं करतां येत नाहीं. तिला मदत हवी आहे ती निराळी आणि पुष्कळ स्वस्त. तांब्या रोज एकाच जागीं असावा. पाट, स्टूल, बादली वाटेंतून हलविली तर तोंडानें सांगावें. दार पुरतें उघडें ठेवावें किंवा पुरतें बंद. अर्धवट उघडें दार कपाळाचा शत्रु. खोलींत आलों तर नांव सांगावें, आणि उठून जातांनाहि सांगावें. नाहींपेक्षां ती रिकाम्या खुर्चीशीं बोलत राहते, आणि तें कळल्यावर होणारी लाज ती कोणास सांगत नाहीं.

जेवणाच्या बाबतींत आपल्या वाडवडिलांनीं नकळत एक सोय करून ठेविली आहे. पाश्चात्य देशांत अंधास ताटांतले पदार्थ घड्याळाच्या तासांवरून सांगतात. भात सहावर, भाजी तीनवर, अशा रीतीनें. मराठी ताटाला घड्याळाची गरजच नाहीं. वर मध्यें मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मध्यें भात. ही डावी-उजवी बाजू जो नेमानें वाढतो त्याच्या घरीं अंध पाहुणा कोणास न विचारतां जेवून उठतो. घाईनें कोठेंहि काहींहि वाढण्याची जी नवी रीत पडत चालली आहे, तिनें इतरांचें नुसतें वळण जातें. अंधाचें स्वातंत्र्य जातें.

घरच्या माणसांनीं करण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती फार थोडे करतात. ब्रेल बोटांनीं वाचणें डोळसांस कठीण; पण ती डोळ्यांनीं वाचतां येते. उठलेले ठिपके दिसतात, चिन्हें पन्नास-साठ, आणि ज्या आईला बाराखडी येते तिला, रोज अर्धा तास दिला तर, तीं कांहीं आठवड्यांत ओळखूं येतात. वसतिगृहांत राहणाऱ्या मुलाचें पत्र मग तिला शाळेच्या शिक्षकांकडून वाचून घ्यावें लागत नाहीं. आणि पाटी घेऊन तिनें चार ओळी टोंचल्या, तर मुलाला ‘आई’ हा शब्द, ३, ४, ५ आणि मग ३, ५, तिच्या हातचा असा बोटाखालीं लागतो.

भारताच्या टपालखात्यांत ब्रेल मजकुरास सात किलोपर्यंत टपालखर्च पडत नाहीं. अट एवढीच, कीं तपासणीसाठीं सहज उघडतां येईल अशा वेष्टनांत तो धाडावा. टपाल-कचेरींतील मंडळींनीं तो खुशाल उघडून पाहावा. त्यांत काय लिहिलें आहे तें त्यांना वाचतां यावयाचें नाहीं.